ब्लू नोटची पहिली प्रत: फोटोवरून ओळखायची कशी, बोली किती लावायची

जॅझच्या ऑनलाइन लिलावात एकाच नावाच्या, एकाच कव्हरच्या दोन रेकॉर्ड्स एकाच आठवड्यात विकल्या जातात. एकीला साठ-सत्तर डॉलर येतात, दुसरीला दोन हजार. वादक तेच, ध्वनिमुद्रणही तेच. महागडी असते ती पहिली प्रत, म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हा दाबलेली. फरक असतो लेबलवरच्या पत्त्यात आणि संगीत संपल्यावर सुई जिथे नुसती फिरत राहते त्या पट्टीवर कोरलेल्या दोन-तीन खुणांत. लिलावात रेकॉर्ड हातात घेता येत नाही, वाजवून बघता येत नाही. त्यामुळे फोटो वाचता येणं हेच या छंदातलं खरं कसब.

सगळ्या कंपन्यांचं एकदम शिकायला गेलं तर डोकं भणाणतं. म्हणून सुरुवात ब्लू नोटपासून करावी. या कंपनीचे पत्ते बदलत गेले, कारखाना बराच काळ एकच राहिला आणि दोन्हींच्या खुणा रेकॉर्डवर उमटल्या आहेत. आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली, फ्रान्सिस वुल्फ लवकरच त्याला येऊन मिळाला. जमवणारे ज्यांच्यामागे लागतात त्या बारा इंची एलपी १५०१ या क्रमांकापासून सुरू होतात, काळ १९५५ च्या अखेरीचा. ४००० ची मालिका १९५८ मध्ये सुरू झाली. क्रमांकाआधी बीएलपी असेल तर रेकॉर्ड मोनो, बीएसटी असेल तर स्टिरिओ. १५०० ची मालिका आणि ४००० मधले सुरुवातीचे क्रमांक यांत मोनोलाच जास्त भाव मिळतो.

लेबलवरचा पत्ता

निळ्या-पांढऱ्या लेबलच्या काठावर बारीक अक्षरांत पत्ता असतो. त्याचा क्रम पाठ करून टाका.

१. ७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, एनवायसी (न्यूयॉर्क सिटी). बारा इंची मालिकेत हा १९५७ पर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १५४० च्या आसपासच्या क्रमांकापर्यंत.

२. ४७ वेस्ट ६३, एनवायसी. १९५७ पासून. काही रेकॉर्ड्सच्या एका बाजूला एनवायसीऐवजी ‘न्यूयॉर्क २३’ असं छापलंय. ती बनावट नाही, उलट त्या त्या क्रमांकाच्या लवकरच्या प्रतीची खूण आहे.

३. पत्ता तोच, पण कंपनीच्या नावापुढे ‘इंक.’ आणि ‘नोट’ शब्दाखाली वर्तुळातला छोटा आर. ही भर साधारण १९५९ ची.

४. रस्ता नाही, नुसतं ‘न्यूयॉर्क, यूएसए’. साधारण १९६२ पासून १९६६ पर्यंत.

५. ‘लिबर्टी रेकॉर्ड्सचा विभाग’ अशा अर्थाची ओळ. १९६६ पासून, कंपनी लिबर्टीला विकल्यानंतर.

१९७० नंतर युनायटेड आर्टिस्ट्सची वेगळ्या रूपाची लेबलं आली. किमतीच्या बाबतीत ती सगळ्यात खालच्या पायरीवर असतात.

पत्ता वापरायचा तो वर्षाशी ताडून. जॉन कोल्ट्रेनचं ‘ब्लू ट्रेन’ (१५७७) सप्टेंबर १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्याच्या पहिल्या प्रतीवर ६३ व्या रस्त्याचा पत्ता हवा, आणि ‘इंक.’ किंवा वर्तुळातला आर नको. त्याच रेकॉर्डवर ‘न्यूयॉर्क, यूएसए’ दिसलं तर ती निदान चार-पाच वर्षांनी पुन्हा दाबलेली प्रत आहे, विक्रेत्याने वर ठळक अक्षरांत ‘ओरिजिनल’ लिहिलं असलं तरी. त्याला खोटारडा म्हणायची गरज नाही. साठ वर्षं जुनी वस्तू त्याच्या दृष्टीने ओरिजिनलच असते.

उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही. जुना पत्ता दिसला म्हणजे प्रत जुनी, असं नाही. छापून ठेवलेली लेबलं कारखान्यात पडून असायची आणि संपेपर्यंत वापरली जायची. कधी एका बाजूला जुनं लेबल आणि दुसऱ्या बाजूला नवं, असंही आढळतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो मागावेत, आणि पत्त्यावर थांबू नये.

कान, व्हॅन गेल्डर आणि खोल वर्तुळ

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून हे सावकाश वाचा.

ब्लू नोटच्या रेकॉर्ड्स १९६६ पर्यंत न्यू जर्सीतल्या नॉर्थ प्लेनफील्डच्या प्लॅस्टिलाइट कारखान्यात दाबल्या जात. हा कारखाना कोऱ्या पट्टीवर वळणदार इंग्रजी पी कोरायचा. तो कानासारखा दिसतो, म्हणून जमवणारे त्याला सरळ ‘कान’ म्हणतात. लिबर्टीने कंपनी घेतल्यावर काम दुसऱ्या कारखान्यांत गेलं आणि कान संपला. कान आहे तर प्रत १९६६ किंवा त्याआधीची, एवढं नक्की.

पेच असा की लिबर्टीच्या हाती जुनी ‘न्यूयॉर्क, यूएसए’ लेबलं शिल्लक होती. ती नव्या कारखान्यातल्या रेकॉर्ड्सवर चिकटवली गेली. लेबल अस्सल, कव्हर बऱ्याचदा अस्सल, पण कान नाही. लिलावात या प्रती सर्रास पहिल्या म्हणून येतात, कारण विक्रेत्याने लेबल बघितलेलं असतं, पट्टी बघितलेली नसते. कान असलेल्या आणि नसलेल्या प्रतीच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. १९६२ ते १९६६ मधल्या कुठल्याही क्रमांकासाठी कानाचा फोटो मिळाल्याशिवाय बोली लावू नये.

दुसरी खूण रूडी व्हॅन गेल्डरची. तो ध्वनिमुद्रण करायचाच, शिवाय ज्या मूळ चकतीवरून साचे बनत तीही स्वतः कापायचा. १९५९ च्या मध्यापर्यंत हॅकेन्सॅकच्या घरातल्या स्टुडिओत, पुढे एंगलवूड क्लिफ्समध्ये. सुरुवातीच्या प्रतींवर त्याची आरव्हीजी ही आद्याक्षरं हाताने कोरलेली असतात, पुढे व्हॅन गेल्डर असा शिक्का येतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही खूण मोलाची, कारण आवाजाचा दर्जा तिच्याशी बांधलेला आहे. पण वय ठरवायला ती अपुरी पडते. लिबर्टीने बऱ्याच क्रमांकांसाठी जुनेच धातूचे साचे वापरले, त्यामुळे १९६७-६८ च्या प्रतीवरही व्हॅन गेल्डर दिसतो. व्हॅन गेल्डर आहे पण कान नाही अशी प्रत म्हणजे ऐकण्यासाठी उत्तम आणि खिशाला परवडणारी वस्तू. तिला पहिल्या प्रतीचा भाव मात्र देऊ नका.

तिसरी खूण लेबलमध्ये उमटलेलं खोल वर्तुळ, ज्याला सगळे डीप ग्रूव्ह म्हणतात. साधारण सात सेंटीमीटर व्यासाची ही खाच बोटाला सहज लागते. जुन्या दाबयंत्राच्या साच्यामुळे ती पडायची. साधारण १९६१ पर्यंतच्या पहिल्या प्रतींवर ती दोन्ही बाजूंना असावी अशी अपेक्षा असते. पुढे नवे-जुने साचे सरमिसळ वापरले गेले, म्हणून एकाच बाजूला खाच किंवा कुठेच नाही असंही दिसतं आणि त्यात काही गैर नाही. ‘डीप ग्रूव्ह’ हे शब्द विक्रेते शीर्षकात मोठ्या हौसेने टाकतात. ती खाच इतर खुणांना दुजोरा देते, एकटी काही सिद्ध करत नाही.

हल्लीच्या काही पुनर्मुद्रणांत लेबल जुन्या पत्त्यासकट हुबेहूब छापतात, कधी खाचही पाडतात. ही फसवणूक नाही, ती नवी म्हणूनच विकली जातात. पण सेकंडहँड बाजारात आल्यावर ही ओळख पुसली जाते. तिथेही निवाडा पट्टीवरच होतो: कान नाही, आणि बहुधा नव्या इंजिनिअरची आद्याक्षरं असतात. उदाहरणार्थ २०१९ पासून निघणाऱ्या टोन पोएट मालिकेचं मास्टरिंग, म्हणजे चकती कापण्याआधीचं आवाजाचं शेवटचं काम, केव्हिन ग्रे करतो. फक्त ऐकायचंच असेल तर ही मालिका घ्यावी आणि पुढचा सगळा लेख विसरावा.

कव्हर

मागच्या बाजूला तळाशी पत्ता असतो: लेक्सिंग्टन, मग ४७ वेस्ट ६३, मग ४३ वेस्ट ६१. हा शेवटचा पत्ता १९६० च्या सुमारास कव्हरवर येतो, लेबलवर येत नाही, त्यामुळे कव्हर आणि लेबल जुळत नाहीत म्हणून लगेच संशय घेऊ नका. खरा धोका वेगळा: अस्सल कव्हरमध्ये नंतरची रेकॉर्ड. पन्नास-साठ वर्षांत घराघरांतून, दुकानांतून अदलाबदली झालेल्या असतात. आतल्या कागदी पाकिटावर ‘२५ वर्षं, १९३९–१९६४’ किंवा ‘२७ वर्षं’ असा मजकूर असला तर ते पाकीट अनुक्रमे १९६४ आणि १९६६ च्या पुढचं. पण पाकीट बदलायला दहा सेकंद लागतात, त्यावर निर्णय सोडू नये.

विक्रेत्याकडून काय मागायचं

दोन्ही लेबलं समोरून. दोन्ही पट्ट्या, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून. समोरून फ्लॅश मारला तर कोरीव खुणा नाहीशा होतात. कव्हरचा तळ, कणा आणि चारही कोपरे. रेकॉर्डचा पृष्ठभाग दिव्याखाली, दोन्ही बाजू. मग विचारा: ओरखडा नखाला लागतो का? वाजवून बघितली का, कुठल्या सुईवर? टिक किती वेळ ऐकू येते? साडेतेहतीसच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, म्हणजे आडव्या ओरखड्याची टिक दर १.८ सेकंदांनी येते. ‘दहा टिक’ म्हणजे अठरा सेकंद. एवढं चालण्यासारखं असतं. ‘थोडी टिकटिक आहे’ याला काही अर्थ नाही, आकडा मागा.

जो विक्रेता आठवडाभराच्या लिलावात पट्टीचा एक फोटो देत नाही, त्याच्याकडून महागडी वस्तू घेऊ नये. स्वस्तात मिळाली तर नशीब.

अवस्थेची भाषा

अमेरिकेत गोल्डमाइन मासिकाची श्रेणी चालते: मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), मग जी (गुड). ढोबळ हिशेब असा की निअर मिंटचा भाव शंभर धरला तर व्हीजी प्लस पन्नास, व्हीजी पंचवीस आणि जी दहा-पंधरा. दुर्मीळ ब्लू नोटच्या बाबतीत व्हीजी प्रतसुद्धा या प्रमाणापेक्षा वर जाते, कारण निअर मिंट प्रत बाजारात येतच नाही. ब्रिटिश विक्रेते ‘एक्सलंट’ लिहितात, ते साधारण अमेरिकन व्हीजी प्लसच्या जागी धरावं.

फोटोत न दिसणारा दोष म्हणजे खोबणीची झीज. पन्नासच्या दशकातल्या जड टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) शेकडो वेळा वाजलेली रेकॉर्ड वरून चकचकीत दिसू शकते, पण ट्रम्पेट वरच्या पट्टीत गेला किंवा पियानो जोरात वाजला की आवाज फाटतो. बाजूच्या शेवटच्या ट्रॅकवर तो सगळ्यात जास्त फाटतो, कारण आत जाऊ तशी खोबणी आखूड होते आणि तेवढ्याच वेळाचं संगीत कमी जागेत बसवलेलं असतं. म्हणून ‘शेवटच्या ट्रॅकवर ट्रम्पेट स्वच्छ आहे का’ हा प्रश्न ‘अवस्था कशी आहे’ यापेक्षा दसपट कामाचा. केवळ डोळ्यांनी बघून व्हीजी प्लस दिलेली रेकॉर्ड हिशेबात व्हीजी धरावी.

खरा भाव शोधणे

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबे या लिलावाच्या साइटवर ‘सोल्ड’चा फिल्टर लावला की साधारण तीन महिन्यांतले झालेले व्यवहार दिसतात. तिथे किमतीवर काट मारलेली असेल तर वस्तू घासाघीस करून कमी दराने गेली आहे आणि दिसतो तो आकडा खरा नाही. त्याआधीचे लिलाव पॉपसाइक या साइटवर सापडतात, फोटो आणि वर्णनासकट. रेकॉर्ड्सच्या नोंदी आणि विक्रीची साइट डिस्कॉग्ज, तिथे किमान, मधला आणि कमाल असे तीन भाव मिळतात, पण विक्रेते वेगवेगळ्या छपाया एकाच नोंदीखाली टाकून देतात, त्यामुळे लिबर्टीची प्रत ६३ व्या रस्त्याच्या नोंदीत घुसलेली असते आणि मधला भाव खाली ओढते.

शोधताना नावापेक्षा क्रमांक टाका. निकाल किमतीने लावू नका, तारखेने लावा. प्रत्येक वर्णन उघडून कान, पत्ता आणि अवस्था तुमच्या प्रतीशी जुळते का ते बघा. न जुळणारे सोडून द्या. समजा सहा जुळणारे निकाल उरले: ३१०, ३४०, ३६०, ३६५, ४२० आणि ७८० डॉलर. शेवटचा आकडा बाजूला ठेवा. दोन हट्टी माणसं एका रात्री भिडली की असे आकडे येतात, आणि कधीकधी जिंकणारा पैसेच भरत नाही. तरी नोंद राहते. काम करायचं ते ३६० भोवती.

काही नावं या गणितात बसत नाहीत. हँक मोब्लीचं १५६८ आणि सनी क्लार्कचं ‘कूल स्ट्रटिन’ (१५८८) या रेकॉर्ड्सना जगभरातून मागणी असते. सनी क्लार्कवर तर जपानचा विशेष जीव. त्यांच्या चांगल्या पहिल्या प्रती हजारो डॉलरना जातात आणि लिलावागणिक आकडा वर-खाली होतो. पहिल्या खरेदीसाठी ही नावं नकोत.

बोली

ईबेवर तुम्ही कमाल रक्कम टाकता, यंत्रणा दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एकच पायरी वर तुम्हाला ठेवते. १०० ते २५० डॉलरमध्ये पायरी अडीच डॉलरची, २५० ते ५०० मध्ये पाचची, ५०० ते १००० मध्ये दहाची. आधीपासून बोली लावून ठेवण्यात फायदा नाही, भाव मात्र लवकर चढतो. शेवटच्या सात-आठ सेकंदांत एकदाच, आपली खरी कमाल रक्कम टाका, आणि ती विषम ठेवा: ३६० ऐवजी ३६३.७०. बाकीचे लोक गोल आकडा टाकतात.

अमेरिकेतले बरेच रेकॉर्ड लिलाव तिकडच्या रविवारी संध्याकाळी संपतात. पॅसिफिक वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. तिकडे रविवारचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा किंवा साडेसात.

कमाल रक्कम दारात पडणाऱ्या खर्चावरून उलटी काढायची. कस्टम्स ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमाही धरतात. दर बदलतात, तेव्हा त्या दिवशीचा एकूण दर कुरिअर कंपनीकडून विचारून घ्या. नमुन्यादाखल: एकूण खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये, डॉलर ९० रुपये, कार्डाचा परकीय चलन आकार जीएसटीसह ४.१३ टक्के, ड्युटी ४० टक्के धरली, तर एका डॉलरमागे १२९ रुपये ७२ पैसे जातात. ४०,००० ला त्याने भागलं की ३०८ डॉलर. त्यातून टपालाचे ४० वजा केले की बोली २६८ वर थांबते. ३६० ची रेकॉर्ड या बजेटमध्ये बसत नाही, हे सोमवारच्या सकाळी नाही, आदल्या रात्री कळलेलं बरं.

पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवा, असं विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय रेकॉर्ड फुटली तर विम्याचे पैसे दाखवलेल्या किमतीएवढेच मिळतात. न्यू जर्सीत भाऊ-भाची असेल तर तिथल्या पत्त्यावर मागवता येतं. तिथला ६.६२५ टक्के विक्रीकर बिलात वाढतो, आणि येताना रेकॉर्ड हँडबॅगेत आणायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत नाही. भारतात उतरल्यावर कस्टम्सचे नियम तिथेही आहेत, सामानाच्या सवलतीची मर्यादा आधी बघून घ्यावी.

आपल्या ओळखीची नावं

हीच पद्धत ब्रिटिश जॅझलाही लागू पडते, आणि तिथे मुंबईचा थेट संबंध आहे. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा मुंबईत १९३६ मध्ये गोव्याच्या कुटुंबात जन्मले. लंडनमध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीच्या लॅन्सडाउन मालिकेसाठी ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ केलं, दोन्ही १९६९ ची. मूळ प्रती दुर्मीळ आहेत आणि शेकडो पौंडांच्या खाली क्वचितच मिळतात. इकडची म्हणायची तर शंकर-जयकिशन यांची, रईस खान यांच्या सतारीची ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) परदेशातले लोकही शोधतात. तिची प्रत चोर बाजारात किंवा घरगुती संग्रहात सापडली तर भावाआधी खोबणीची झीज बघा. आपल्याकडे ऑटोचेंजरवर (एकापाठोपाठ रेकॉर्ड्स आपोआप लावणाऱ्या यंत्रावर), एकच सुई वर्षानुवर्षं चालवून या रेकॉर्ड्स वाजवल्या गेल्या आहेत.

पार्सल आल्यावर

पैसे भरतानाच लिहून कळवा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवा. कव्हरच्या आत राहिली तर प्रवासातल्या धक्क्यांनी तिची कडा शिवण फाडते आणि साठ वर्षं टिकलेलं कव्हर शेवटच्या दहा दिवसांत जातं. दोन्ही बाजूंना पुठ्ठे हवेत, त्यांच्या आतल्या पन्हळीच्या रेघा एकमेकांना आडव्या.

खोका उघडताना व्हिडिओ घ्या. पट्टीवर कान आहे का ते लगेच तपासा आणि दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेवर तक्रारीला ३० दिवस असतात, मोजणी पार्सल पोचल्यापासून. वाजवण्याआधी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन घ्या, धूळ बसलेली रेकॉर्ड झिजल्यासारखीच वाजते. ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख विरघळते.

बाहेरचं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसीचं पाकीट काही वर्षांनी रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं, ते निघत नाहीत. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कव्हरला बुरशी धरते. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा, सिलिका जेलच्या पिशव्या महिन्याला बदला, आणि महागडी रेकॉर्ड शक्य तर ऑक्टोबरनंतर मागवा.